पोर्ट कुणाचा, पैसा कुणाचा: इंटरफेस मानकांची चढाओढ पाहून टेक शेअर कसा पारखावा

संगणकाचे दोन भाग जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे इंटरफेस असतो. प्रोसेसर आणि मेमरी, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड, लॅपटॉप आणि मॉनिटर, डेटा सेंटरमधली एक चिप आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या हजारो चिप्स. अशा प्रत्येक सांध्यावर पिना किती, वेग किती, संदेश कोणत्या क्रमाने जायचे याचे नियम लागतात. ते नियम म्हणजे मानक. एकाच सांध्यासाठी दोन-तीन मानकं पुढे आली की चढाओढ सुरू होते आणि त्यासोबत काही शेअर उसळतात, काही आपटतात.

नव्या गुंतवणूकदाराला वाटतं की कोणतं मानक जिंकेल हे ओळखलं म्हणजे कोणता शेअर घ्यायचा हेही कळलं. हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत. यूएसबी १९९६ साली आलं आणि जवळपास प्रत्येक संगणकात पोहोचलं, पण केवळ यूएसबीच्या जोरावर प्रचंड मोठी झालेली कंपनी शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. उलट इन्फिनीबँड हे महासंगणक आणि डेटा सेंटरमधली यंत्रं जोडणारं मानक घरच्या संगणकात कधी आलंच नाही, तरी त्याच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीच्या भागधारकांनी चांगला पैसा केला. हा फरक कुठून येतो ते तपासायची पद्धत खाली देतो आहे. यात आलेली कंपन्यांची नावं उदाहरणादाखल आहेत, खरेदीची शिफारस म्हणून नाहीत.

पायरी १: सांधा कोणता ते आधी लिहून काढा

‘नवं मानक’ अशी बातमी आली की ते नेमकं कुठे बसतं ते पाहा. डीडीआर४, डीडीआर५ ही मेमरीची मानकं जेडेक ही संस्था ठरवते. ग्राफिक्स कार्ड आणि वेगवान एसएसडी ज्यावर चालतात त्या पीसीआय एक्सप्रेसचा कारभार पीसीआय-सिगकडे आहे. यूएसबीसाठी यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम आहे, डिस्प्लेपोर्टसाठी व्हेसा. ग्राफिक्स चिप्स एकमेकींना जोडणारं एनव्हीलिंक मात्र एनव्हिडियाचं स्वतःचं आहे.

सांध्यावरून बदलाचा वेग कळतो. ग्राहकांच्या हातातल्या पोर्टला जुन्या उपकरणांचं ओझं असतं. घराघरात पडलेले प्रिंटर, पेन ड्राइव्ह आणि केबल एका रात्रीत कुणी फेकून देत नाही, म्हणून तिथे जुन्याशी जुळवून घेणारं आणि स्वस्त असलेलं मानक बहुतेकदा वरचढ ठरतं. डेटा सेंटरमध्ये खरेदी करणारे मोजकेच असतात आणि ते यंत्रांचं अख्खं कपाट एकदम बदलू शकतात. तिथे वेगाला जास्त किंमत मिळते.

पायरी २: मालक कोण आणि तो खरं तर काय विकतो

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर मायक्रो चॅनेल नावाची नवी बस, म्हणजे संगणकाच्या आतल्या भागांमध्ये डेटा नेणारा मार्ग, आणली. तांत्रिकदृष्ट्या ती जुन्या बसपेक्षा पुढची होती, पण ती वापरायची तर आयबीएमला परवाना शुल्क द्यावं लागणार होतं. कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि १९८८ मध्ये त्यांनी ईआयएसए हे पर्यायी मानक जाहीर केलं. पुढे १९९२ मध्ये इंटेलची पीसीआय आली आणि काही वर्षांत दोन्ही मागे पडली. मायक्रो चॅनेल सरस होती म्हणून आयबीएमचा शेअर घेतलेल्याला त्या सरसपणाचा काही उपयोग झाला नाही.

बाहेरची उपकरणं संगणकाला जोडणाऱ्या फायरवायरचं तसंच झालं. सेकंदाला ४०० मेगाबिट वेगाचं हे मानक १९९५ साली मंजूर झालं. यूएसबीचा तेव्हाचा वेग १२ मेगाबिट होता, म्हणजे तुलनाच नव्हती. पण १९९९ च्या सुमारास अ‍ॅपलने प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर मागितला. ओरड झाल्यावर इतर पेटंटधारकांसोबत एकत्रित परवाना काढून ही रक्कम प्रत्येक उपकरणामागे २५ सेंटवर आणली गेली, तोवर उशीर झाला होता. २००० साली यूएसबी २.० ने ४८० मेगाबिटचा आकडा गाठला आणि इंटेलने २००२ पासून ते आपल्या चिपसेटमध्येच, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसरच्या जोडीला बसणाऱ्या मुख्य चिप्समध्ये, घातलं. संगणक बनवणाऱ्याला वेगळी चिप घ्यायची गरज उरली नाही. प्रत्यक्ष वापरात फायरवायर अनेकदा वेगवान ठरत असे, तरीही बाजार यूएसबीकडे गेला.

इंटेल यूएसबीमधून रॉयल्टी घेत नव्हती, मग तिला काय मिळालं? संगणकाला जोडण्यासारख्या वस्तू जितक्या जास्त, तितके संगणक जास्त विकले जातात आणि तितके प्रोसेसर खपतात. थंडरबोल्टचंही तेच. २०११ मध्ये अ‍ॅपलच्या साथीने आणलेलं हे मानक इंटेलने २०१९ मध्ये यूएसबीच्या संस्थेला देऊन टाकलं आणि त्यावर यूएसबी४ उभं राहिलं. मानक फुकट देणारी कंपनी दिसली की तिच्या कोणत्या मालाची विक्री त्यामुळे वाढते ते शोधा. शेअरला बळ देणारी कमाई तिथे असते.

दोन्हींच्या मधला प्रकार एचडीएमआयचा. २००२ मध्ये सात कंपन्यांनी तो आणला. त्यातली सिलिकॉन इमेज ही तुलनेने लहान कंपनी या तंत्रज्ञानाच्या अगदी गाभ्याशी होती. एचडीएमआय अब्जावधी उपकरणांत गेलं. एवढा दणदणीत विजय असूनही २०१५ मध्ये लॅटिस सेमिकंडक्टरने ही कंपनी सुमारे ६० कोटी डॉलरला, म्हणजे दर शेअरला ७.३० डॉलर देऊन, विकत घेतली. एका उपकरणामागे काही सेंट रॉयल्टी, तीही भागीदारांत वाटलेली, आणि चिप बनवायला मोकळे असलेले अनेक स्पर्धक. अशा रचनेत मानकाचा विजय भागधारकाच्या खिशात फार पोहोचत नाही.

पायरी ३: रॅम्बसचा इतिहास बारकाईने वाचा

या विषयात एकच कथा शिकायची असेल तर मी रॅम्बसची सांगेन. तिच्यात सगळंच आहे.

रॅम्बस स्वतः मेमरी बनवत नसे. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वेगवान जोडणीची रचना करायची आणि तिचा परवाना विकायचा हा तिचा धंदा. १९९६ मध्ये इंटेलने तिच्याशी करार केला की पुढच्या पिढीच्या संगणकांत रॅम्बसची आरडीरॅम मेमरी असेल. १९९७ मध्ये कंपनीचे शेअर १२ डॉलरला बाजारात आले. जगातली सर्वात मोठी प्रोसेसर कंपनी पाठीशी, दर मेमरी चिपमागे रॉयल्टी आणि कारखान्याचा खर्च नाही. कागदावर याहून सुंदर गणित सापडणं कठीण. जून २००० मध्ये कंपनीने एका शेअरचे चार केले आणि त्यानंतरही भाव शंभर डॉलरच्या वर गेला.

कागदाबाहेर वेगळंच घडत होतं. आरडीरॅम साध्या मेमरीच्या कित्येक पट महाग होती आणि सर्वसाधारण कामात तिचा फायदा जेमतेम जाणवे. मेमरी बनवणाऱ्यांना एका बाहेरच्या कंपनीला रॉयल्टी देण्याची हौस नव्हती. त्यांनी जेडेकच्या डीडीआर मानकावर जोर लावला. इंटेलचा आरडीरॅमवर चालणारा ८२० चिपसेट १९९९ मध्ये ऐन वेळी पुढे ढकलावा लागला. मग स्वस्त मेमरी चालावी म्हणून त्यात घातलेल्या जोडचिपमध्ये दोष निघाला आणि मे २००० मध्ये इंटेलला मदरबोर्ड परत मागवावे लागले. तारखा जुळवून पाहा: मदरबोर्ड परत मागवल्याची बातमी मे महिन्यातली आणि शेअरचा उच्चांक त्याच्या पुढच्या महिन्यातला. बातमी सगळ्यांसमोर होती.

इंटेल हळूहळू डीडीआरकडे वळली आणि २००२ मध्ये रॅम्बसचा भाव दहा डॉलरच्या खाली होता.

कथा इथे थांबत नाही. रॅम्बसने दावा केला की डीडीआरमध्येही आपलीच पेटंट वापरली आहेत आणि मेमरी कंपन्यांवर खटले भरले. समोरच्यांचं म्हणणं असं की जेडेकच्या बैठकांत बसून रॅम्बसने आपली पेटंट लपवली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये तक्रार दाखल केली, २००६ मध्ये रॅम्बसविरुद्ध निर्णय दिला, २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. सॅमसंगशी समझोता २०१० मध्ये झाला, एसके हायनिक्स आणि मायक्रॉनशी २०१३ मध्ये. म्हणजे दशकभर त्या शेअरचा भाव न्यायालयाच्या कामकाजावर वरखाली होत राहिला. असा शेअर धरायचा तर तंत्रज्ञानाच्या जोडीला पेटंट कायदाही कळायला हवा. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आज? तीच रॅम्बस डीडीआर५ मेमरी पट्ट्यांवर बसणाऱ्या इंटरफेस चिप्स विकते. एकेकाळी ज्या मानकाने तिला बाजूला सारलं त्याच्याच पुढच्या पिढ्यांवर तिची कमाई उभी आहे. मानकाला कंपनीचं नशीब समजू नका, हे याहून ठसठशीतपणे दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ४: कॅलेंडर मांडा

मानक जाहीर होणं आणि त्यातून विक्री येणं यात मोठं अंतर असतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० चे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले; एएमडीचे ते चालवणारे डेस्कटॉप प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये आले. ५.० चे नियम मे २०१९ मध्ये. इंटेलचे त्यासाठीचे डेस्कटॉप प्रोसेसर नोव्हेंबर २०२१ मध्ये. पावणेदोन ते अडीच वर्षं धरून चाला. ६.० जानेवारी २०२२ मध्ये आणि ७.० जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. जाहीर झाल्याच्या दिवशी उसळलेला शेअर घेतलात तर मधल्या काळात निदान सात तिमाही निकाल येतात, आणि त्यात या मानकाची विक्री शून्याजवळ असू शकते.

दुसरी तारीख त्याहून महत्त्वाची आहे, आणि ती फार कमी लोक पाहतात. नवं मानक आलं की सुरुवातीला ते मुख्य चिपसेटमध्ये नसतं. ते हवं असलेला मदरबोर्ड उत्पादक वेगळी चिप विकत घेतो. यूएसबी ३.० नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झालं. एएमडीने ते चिपसेटमध्ये २०११ मध्ये घातलं, इंटेलने २०१२ मध्ये. मधली तीन वर्षं जपान आणि तैवानमधल्या चिप कंपन्यांनी यूएसबी ३.० ची वेगळी चिप विकली. इंटेलच्या चिपसेटमध्ये ते आल्यावर त्या चिपची मुख्य गरजच संपली. मानक त्या वेळी जोरात पसरत होतं, पण कमाईची ही खिडकी बंद झाली होती.

म्हणून अशा कंपनीचा विचार करताना स्वतःला विचारा: हे काम मोठा प्रोसेसर उत्पादक आपल्या चिपमध्ये केव्हा ओढून घेईल? काही कामं ओढता येत नाहीत. वेग वाढला की तांब्याच्या तारेवरचा सिग्नल थोड्याच अंतरात क्षीण होतो. तो वाटेत पुन्हा ताजा करणारी रिटायमर चिप वाटेतच बसवावी लागते. पीसीआय एक्सप्रेसची पिढी जितकी वेगवान तितकी तिची गरज अधिक. मार्च २०२४ मध्ये ३६ डॉलर भावाने शेअर बाजारात आलेली अ‍ॅस्टेरा लॅब्ज याच चिप्ससाठी ओळखली गेली. पण सिग्नल तांब्याऐवजी प्रकाशातून नेण्याचे प्रयत्नही चालू आहेत, तेव्हा हीही खिडकीच. फक्त तिची लांबी वेगळ्या गोष्टीवर ठरते.

पायरी ५: वार्षिक अहवालात चार ठिकाणी बोट ठेवा

अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचा वार्षिक अहवाल, ज्याला १०-के म्हणतात, फुकट वाचता येतो. सगळा वाचायला हवाच, पण मानकांसाठी मी हे आधी पाहतो.

उलाढालीचा किती भाग या मानकावर आहे? युरोपीय संघाच्या कायद्याने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना यूएसबी-सी सक्तीचं झालं. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ वर अ‍ॅपलने स्वतःचा लाइटनिंग पोर्ट सोडला. मथळे मोठे होते, पण लोक आयफोन पोर्टसाठी घेत नाहीत. मोठ्या कंपनीत एका पोर्टचा वाटा बारीक असतो, लहान कंपनीत तोच सर्वस्व असू शकतो.

ग्राहक किती? एकूण विक्रीत दहा टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्या ग्राहकांबद्दल कंपनीला सांगावं लागतं. दोन-तीन ग्राहकांवर सत्तर-ऐंशी टक्के विक्री असेल तर मानकाची लढाई जिंकूनही एका ग्राहकाने स्वतःची चिप बनवायला घेतली की संपलं.

कमाई रॉयल्टीची की मालाची? रॉयल्टी असेल तर मुख्य करार कधी संपतात आणि पेटंट कधी कालबाह्य होतात ते पाहा; अमेरिकेत पेटंटची मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षं.

शेवटी जोखमीचं प्रकरण. त्यात ‘आमची उत्पादनं ज्या मानकांवर आधारित आहेत ती बाजाराने स्वीकारली नाहीत तर’ अशा अर्थाचं वाक्य बहुतेक कंपन्या दरवर्षी लिहितात. गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी उघडा आणि शब्द कुठे बदलले ते शोधा. नवं नाव आलं, एखाद्या प्रतिस्पर्धी मानकाचा पहिल्यांदा उल्लेख झाला, की तिथे थांबून वाचा.

पायरी ६: सभासदांच्या यादीला मत समजू नका

एखाद्या नव्या संघाच्या घोषणेत बड्या कंपन्यांची नावं ओळीने दिसली की बाजार हुरळतो. पण तंत्रज्ञान कंपन्या दोन्ही डगरींवर हात ठेवतात, आणि तसं करणं त्यांच्यासाठी शहाणपणाचंच असतं. सभासदत्वाचा खर्च नगण्य, बाहेर राहिल्याचा धोका मोठा.

इन्फिनीबँडची संस्था १९९९ मध्ये उभी राहिली तेव्हा इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम अशी सगळी मंडळी तिच्यात होती. २००२ मध्ये इंटेलने त्याच्या चिप्स बनवणं सोडलं, मायक्रोसॉफ्टनेही अंग काढून घेतलं. मानक मेलं असं अनेकांनी धरलं. मेलानॉक्स ही इस्रायली कंपनी मात्र त्यावरच काम करत राहिली, कारण महासंगणक बांधणाऱ्यांना तसा वेग दुसरीकडे मिळत नव्हता. २००७ मध्ये तिचा शेअर १७ डॉलरला आला. २०१९ मध्ये एनव्हिडियाने दर शेअरला १२५ डॉलर देऊन, सुमारे ६९० कोटी डॉलरला, ती घ्यायचं ठरवलं. मोठ्यांनी सोडलेल्या पण एका गरजू ग्राहकवर्गाने घट्ट धरलेल्या मानकात पैसा मिळू शकतो, तो असा.

कधी लढाई विलीनीकरणाने संपते. मेमरी आणि प्रोसेसर जोडण्यासाठी जेन-झी आणि ओपनकॅपी ही मानकं होती. इंटेलने २०१९ मध्ये सीएक्सएल आणलं आणि २०२२ पर्यंत दोन्हींची तंत्रसंपदा सीएक्सएलच्या संस्थेकडे देण्याचं ठरलं. तरी सीएक्सएलमधून मोठी विक्री येणं ही सावकाश चाललेली गोष्ट आहे. स्पर्धक संपले म्हणजे मागणी आली असं होत नाही.

सध्याचा मोठा सामना एआयच्या डेटा सेंटरमध्ये आहे. ग्राफिक्स चिप्स एकमेकींना जोडायला एनव्हिडियाचं एनव्हीलिंक. त्याला उत्तर म्हणून एएमडी, ब्रॉडकॉम, गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मे २०२४ मध्ये जाहीर केलेलं यूएलिंक, ज्याची पहिली आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. कपाटं एकमेकांना जोडायला एकीकडे इन्फिनीबँड, दुसरीकडे जुलै २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट संघाचं मानक. यातून ‘इथरनेट जिंकलं की एनव्हिडिया हरली’ असं समीकरण कुणी मांडलं तर सावध व्हा. एनव्हिडिया स्वतः इथरनेटची उपकरणं विकते आणि अल्ट्रा इथरनेट संघात ती सभासद आहे. मे २०२५ मध्ये तिने एनव्हीलिंक ठराविक भागीदारांना खुलं केलं. त्या भागीदारांत अ‍ॅस्टेरा लॅब्ज आहे आणि तीच अ‍ॅस्टेरा यूएलिंकमध्येही पुढे आहे.

पायरी ७: किती घ्यायचं आणि कधी सोडायचं

एकाच मानकावर जगणाऱ्या लहान कंपनीत, माझ्या हिशेबाने, नवख्याने एकूण गुंतवणुकीच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये. अंदाज बरोबर आला तरी तेवढा हिस्सा जाणवतो, चुकला तरी झोप उडत नाही. कोणतंही मानक जिंकलं तरी ज्यांचा माल लागणारच अशा कंपन्याही असतात: चिप आखायचं सॉफ्टवेअर आणि चिपच्या आराखड्यात जसेच्या तसे बसवता येणारे तयार इंटरफेस ब्लॉक विकणाऱ्या सिनॉप्सिस आणि केडन्स, किंवा वेग तपासायची उपकरणं बनवणारी कीसाइट. मानकांच्या लढाईतली अनिश्चितता नको असेल तर तुलना यांच्याशी करून पाहा. पण त्यांचाही भाव नफ्याच्या किती पट आहे ते बघूनच.

खरेदीआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. या मानकातून कंपनीला पैसा कोणत्या वाटेने येतो. तो किती सालापर्यंत येईल असं वाटतं. आणि काय घडलं तर शेअर विकायचा. तिसरी ओळ ठोस हवी: मोठ्या प्रोसेसर उत्पादकाने हेच काम आपल्या चिपमध्ये घेतल्याची घोषणा, मुख्य ग्राहकाचा वाटा एका वर्षात निम्म्यावर येणं, किंवा नवी पिढी सुरू होऊन चार तिमाही उलटल्यावरही विक्रीत ती न दिसणं. दर तिमाही निकालाला तो कागद समोर ठेवा. पहिली ओळ लिहिता आली नाही, तर त्या कंपनीचा मागचा वार्षिक अहवाल उघडा आणि खरेदी पुढच्या तिमाहीवर टाका.